लेकीच्या डब्यांना जीवामृत

भाचीनं उसाच्या कडेला लोखंडाचे डबे पुरले, तेव्हा अर्ध्या गावाला वाटलं सोनं दडवतायत, आणि उरलेल्या अर्ध्याला वाटलं अणुबाँब! डब्यांत होती नुसती वाळू. पण अणुबाँबवाले अगदीच चुकले नव्हते. अणुभट्टीचा कचरा धातूच्या पिंपांत बंद करायचा, भोवती चिकणमाती ठासायची आणि जमिनीत खोल पुरायचा, असा बेत जगात चाललाय. तिथं हवा नाही, म्हणजे गंजाची भीती कमी. मग भीती कुणाची? हवेवाचून मजेत जगणाऱ्या सूक्ष्मजीवांची! ते जो घाणेरडा वायू सोडतात, त्यानं धातू कुरतडला जातो. माती घट्ट दाबली तर त्यांना हातपाय पसरायला जागा नाही. सैल राहिली तर रान मोकळं. भाचीला हेच तपासायचं होतं. काही डबे घट्ट मातीत, काही सैल. सगळी पीएचडी त्यावर.

"आबा, वर्षभर तिकडं फिरकायचं नाही," असं वडिलांना, म्हणजे माझ्या दाजींना, बजावून ती पुण्याला गेली.

डबे उकरायला परवा मीही रहिमतपूरला पोचलो. असला खेळ फुकट कुठं बघायला मिळतो? फावडं पडलं आणि सडक्या अंड्यांचा असा भपकारा उठला की मी रुमाल नाकाला लावून थेट बांधावर! सैल मातीतला डबा काळाकुट्ट, पत्र्याला खड्डेच खड्डे. भाची आधी हरखली, मग वाकून खड्डे मोजू लागली.

"मामा, एका वर्षात इतकं होत नाही." ती वळली. दाजी आंब्याच्या शेंड्याकडं बघत होते. "आबा, काय घातलंत?"

"उसाला सोडलं, तवा वाईच हितंबी सोडलं. जीवामृत. शेण, गोमूत्र, गूळ, बेसन."

"कितीदा?"

"पाण्याची पाळी आली की. लेकीचं काम हाय, म्हटलं जोमानं यावं!"

"ज्यांना उपाशी ठेवायचं, त्यांना गूळ चारलात?"

मी हसून हसून बांधावर बसलो. तिचे डोळे मात्र भरले होते. मग घट्ट मातीतला डबा निघाला. जवळजवळ कोरा! गूळ खाऊनही मंडळींना आत शिरता आलं नव्हतं.

"जिंकलीस की गं!"

"कसली जिंकले? किती घातलं, कधी घातलं, काहीच ठाऊक नाही. वर्ष वाया गेलं, मामा."

दाजींनी टोपी काढली. "मग आता गं?"

ती पत्र्यावरचे खड्डे नखानं चाचपत राहिली. "परत पुरायचे. या वेळी जीवामृत घालायचंच. पण मोजून."

"शेण? मोजून?" दाजी हादरले. "आगं, आमच्या बापजाद्यात कुणी मोजलं न्हाई!"

"ग्रॅममध्ये, आबा."

दुसऱ्या दिवशी सकाळी बहीण घर डोक्यावर घेऊन वजनकाटा शोधत होती. तो गोठ्यात सापडला. दाजी त्याच्यासमोर उकिडवे, श्वास रोखून, कोपरापर्यंत शेणात.

"पाव्हणं, आला व्हय? चिमूटभर काढा बरं ह्यातलं," ते कुजबुजले. "पोरगी लय कडक हाय."