साडभाऊंचं सातवं ॲप

सर्व संबंधितांस कळविण्यात येते की, अकोल्याच्या जठारपेठेत राहणारे आमचे साडभाऊ गेली तीन वर्षे एक ॲप निवडत आहेत आणि निवड अद्याप झालेली नाही.

साडभाऊंनी आयुष्यभर चिठ्ठ्यांवर नोंदी केल्या. कुठली ज्वारी कुणाच्या वावरात चांगली आली, कुठल्या बांधावर कोणते झाड, सगळे. निवृत्त झाल्यावर त्यांना कळले, की अशा नोंदींचा नकाशा काढणारी ॲप्स असतात. प्रत्येक नोंदीचा एक ठिपका, आणि नाते असलेल्या ठिपक्यांमध्ये रेघ. झाले. बैल घेताना दात पाहावेत तसे ते एकेक ॲप पाहू लागले. एकदा भर मे महिन्यात मी त्यांच्याकडे जेवायला बसलो असताना त्यांनी घराचा मेन स्विचच बंद केला. "लाइन गेल्यावर नोंदी दिसते का, पायतो." नोंदी दिसल्या. कूलर थांबलेला, आणि घाम वरणात पडू नये म्हणून माझी धडपड चाललेली. स्क्रीनवर बोट रोखून विचारायचा शेवटचा प्रश्न मात्र ठरलेला, "उद्या तू बंद पडलं, तं कॉपी कुठं राहीन?" उत्तर पटले नाही की बिऱ्हाड पुढच्या ॲपात. हलवताना प्रत्येक नोंद मोठ्याने वाचत टाइप करायची. शेजारी ताई, म्हणजे त्यांच्या पत्नी आणि माझ्या मेव्हणी, भाजी निवडत निमूट ऐकायच्या.

मागच्या उन्हाळ्यात वलगावहून त्यांच्या धाकट्या भावाचा फोन आला, तेव्हा मी तिथेच होतो. त्यांनी तो स्पीकरवर टाकला. "दादा, शेततळ्यासाठी जेसीबी उभा हाय. संत्र्याले जाणारा पाइप कुठून गेला? ड्रायव्हर थांबून नाही राहिला." पाइप पुरणारे त्यांचे वडील, आबाजी, आता नव्हते. जागा फक्त साडभाऊंनी लिहिलेली. पाइप फुटला तर ऐन उन्हाळ्यात बाग वाळणार.

चिठ्ठ्या पहिल्या ॲपच्या आनंदात रद्दीत गेलेल्या. सातव्यात नोंदींची नुसती नावे आणि रेघा आलेल्या, मजकूर अजून सहाव्यात, आणि सहाव्याची फुकट मुदत आदल्या दिवशी संपलेली. साडभाऊंनी 'पाइप'वर बोट ठेवले. रेघ 'संत्रा'कडे गेली, तिथून 'आबाजी'कडे, तिथून परत 'पाइप'. फोनमध्ये मशीनची घरघर वाढली. "दादा, बोल ना." साडभाऊंनी पुन्हा 'पाइप'वर बोट ठेवले.

"निंबापासून विहिरीकडे अठरा पावलं," गवार मोडता मोडता ताई म्हणाल्या. "मंग उजव्या हाताले, बांधापर्यंत. आबाजीची पावलं हायेत, लहान धरजा म्हना."

भाऊ फावड्याने उकरू लागला. आम्ही तिघे फोनकडे बघत बसलो. बऱ्याच वेळाने आवाज आला, "लागला पाइप. मशीन सरकवतो."

साडभाऊ ताईंकडे वळले. "तुले कसं माईत?"

"सहा डाव वाचलं तुमी, माह्या कानाशी."

"अन् बाकीच्या नोंदी?"

"त्याबी हायेत."

ताई गुडघ्यावर हात टेकून, मध्ये जरा थांबून, उठल्या आणि गवारीचे ताट घेऊन आत गेल्या. साडभाऊ त्या गेल्या त्या दाराकडे बघत राहिले. हातातला स्क्रीन केव्हाच विझला होता. मग एकदम मला म्हणाले,

"अन् हिची कॉपी कुठं हाय?"