समद्यायनं यावं

"काबे, दवंडी तू देल्ली म्हून का आवतन बी तुलेच हाय?"

गावचे देशमुख असं म्हणाले आणि शाळेच्या पटांगणात बसलेली सगळी माणसं हसली. बायाही हसल्या, पदर तोंडाला लावून. मी उभा होतो. माझ्या मागं माझी बायको उभी होती. मीही हसलो. आधी हे सांगून टाकतो. मीही हसलो.

लढाईचे दिवस होते. बाजारात भाजी परवडेना, तेव्हा सरकारनं ठरवलं की घरोघरी परसात भाजी लावावी. महिन्यातून एकदा शेतकीचे मास्तर जऊळक्याला आगगाडीतून उतरायचे आणि छकड्यात बसून आमच्या गावी यायचे. वाफा कसा बांधायचा, मोरीचं पाणी झाडाकडं कसं वळवायचं, मावा पडला तर राख कशी मारायची, ते सगळं शिकवायचे.

पहिल्या वर्गाची दवंडी मी दिली. आम्ही महार. गावाची दवंडी आमच्या घराकडं पिढ्यान् पिढ्या. चावडीवर जे सांगितलं तेच मी ओरडलो, "ज्याच्या घरामांगं हातभर जागा हाय, त्या समद्यायनं यावं हो!" गावभर ओरडत शेवटी आमच्या वस्तीत आलो. तिथं कोणी मान वर केली नाही. दवंडी आमच्या तोंडून निघते, आमच्या कानासाठी नसते, हे आमच्यातल्या म्हाताऱ्याकोताऱ्यांना पाठ होतं.

बायको मात्र दारात आली. "समदे म्हंजे आपन बी?"

"मीच त सांगून राह्यलो ना."

"तुमी सांगता. सांगनारा कोन हाय?"

"सरकार हाय."

झालं. दवंडी देणारा आपल्याच दवंडीला फसला.

आमच्या खोपटामागं खाटेएवढी जागा होती. तिला तिथं दोडका लावायचा होता. "वेल छपरावर चढवीन," ती म्हणाली, "मंग गळका भाग झाकून जाईन, अन् तुमचं छप्पर शाकारायचं टळन. आळशी मान्साले बरं." लग्न झाल्यापासून तिनं माझ्याकडं काही मागितलं नव्हतं. वर्गाला जायचं म्हणून नाल्यावर जाऊन लुगडं धुऊन आली.

मास्तर तसे वाईट नव्हते. हसणं थांबल्यावर म्हणाले, "असू द्या, तिकडं लिंबाखाली बसू द्या त्यांना." आम्ही लिंबाखाली बसलो. ऐकू अर्धंच येत होतं. मोरीच्या पाण्याचं सांगितलं तेव्हा बायको हळूच म्हणाली, "पेयालेच पानी मांगून आनतो, मोरी कुठून आनू?" आणि पुन्हा कान देऊन बसली. तिला शिकायचं होतं.

शेवटी बियांच्या पुड्या वाटल्या. मास्तर एकेकाच्या हातावर पुडी ठेवत आले. आमच्याकडं आले, हात पुढं केला. बायकोनं पदर पसरला.

देशमुख म्हणाले, "साहेब, खाली टाका. ते उचलते."

मास्तरांचा हात थांबला. त्यांनी माझ्याकडं पाहिलं नाही. पुडी सोडली. ती फुटली. चवळाईचं बी होतं, मोहरीहून बारीक. धुळीत पडलं की धूळच.

बायको जागची हलली नाही. तिनं माझ्याकडं पाहिलं. माझ्या तोंडून काय निघेल याची ती वाट पाहत होती. आख्ख्या गावाला ऐकू जाणारा आवाज होता माझा.

मी पुटपुटलो, "उचल. लोक पाहून राह्यले."

ती वाकली. बी वेगळं काढता येईना, म्हणून तिनं मूठभर धूळच पदरात बांधली.

घरी आल्यावर तिनं पदराची गाठ सोडली आणि ती माती चुलीत टाकली. थोडं तडतडलं. मी म्हणालो, "अवं, बी होतं ते."

"माह्या लेकरायले मी हे खाऊ घालनार नाही," ती म्हणाली. एवढंच. मला रागानं काही बोलली असती तर बरं झालं असतं.

महिना झाला. चावडीवरून पुन्हा बोलावणं आलं. देशमुख पान लावत बसले होते. "उद्या वर्ग हाय. दवंडी दे. समद्यायनं यावं म्हन."

मी विचारलं, "मालक, समदे म्हंजे कोन?"

"आता तू मले बोलनं शिकवतं?"

"महार-मांग सोडून समदे, असं म्हनू काय?"

"तसं कायले म्हना लागते बे? समजते लोकायले."

"मले नाही समजलं, मालक."

डफडं त्यांच्या पायरीशी ठेवलं आणि परत आलो. पाठीमागून शिव्या आल्या, आईबहिणीवरून. मी वळलो नाही.

दवंडीबद्दल सुगीला खळ्यावर जी ज्वारी मिळायची, ती आम्हाला मिळाली नाही. गावात काम मिळेना. आम्ही दोघं मालेगावच्या रस्त्यावर खडी फोडायला जाऊ लागलो. पुढच्या पावसाळ्यात तिला हिवताप झाला आणि ती गेली. खोपटामागची जागा तशीच राहिली. "उचल" या शब्दाबद्दल मी तिच्याशी कधी बोललो नाही. रोज ठरवायचो. ती खडी फोडायची, मी शेजारी फोडायचो, आणि दिवस मावळायचा. दवंडी नाकारली तेव्हा लोक मला धीट म्हणाले. पण महिनाभर उशीर झाला होता. ज्या दिवशी ती माझ्या तोंडाकडं पाहत होती, त्या दिवशी मी गप्पही राहू शकलो असतो. तेवढंही जमलं नाही.

आता माझी चाळिशी उलटली. चावडीवरून निरोप आला आहे: तुझ्या पोराचा आवाज चांगला आहे, त्याला पाठव, खळ्यावरचा वाटा पुन्हा चालू करू. मी वस्तीतल्या प्रत्येक दारात जाऊन बसलो. लिंबाखालची सगळी गोष्ट सांगितली, माझ्या शब्दासकट. कोणी उठून गेलं, कोणी रडलं. आपल्यातल्या कोणीच दवंडी द्यायची नाही, याला दोन घरं अजून तयार नाहीत. त्यांच्याकडं पुन्हा जाईन.

पण माझ्या घरातून कोणी जाणार नाही. गावाला काही सांगायचं असेल, तर देशमुखांनी स्वतः वेशीत उभं राहावं आणि घसा फाटेस्तोवर ओरडावं.