बोटांनी मळलेलं मैदान

नगरपरिषदेच्या जिन्याजवळ शहराच्या विकास आराखड्याचा जुना नकाशा अजून टांगलेला आहे. त्यावर एका जागी हिरवा रंग मळून काळपट झालाय. ती आमच्याच बोटांची करामत. हा नकाशा हरकतींसाठी लावला, तेव्हा आमची अख्खी आळी तो बघायला आली होती. प्रत्येकानं तळ्यामागच्या मैदानावर बोट टेकवून खात्री करून घेतली. हिरवं, म्हणजे मैदानच राहणार. आमचे नगरसेवक अण्णा शेजारीच उभे होते. म्हणाले, "हरकत असेल त्यानं अर्ज करायचा. तुमची कसली हरकत? निवांत घरी जा." आम्ही गेलो. वाटेत पेढेसुद्धा घेतले.

आज मंजूर झालेला नकाशा लागला. मैदान पिवळं, म्हणजे तिथे घरं होणार. मी खिडकीशी जाऊन भांडले. आतल्या बाईंनी शांतपणे फाइल उघडली.

"या जागेवर एकच अर्ज आलाय. मैदान नको म्हणणारा. हवं म्हणणारा एकही नाही."

त्या अर्जाखाली अण्णांची सही होती.

नको असलेल्या गोष्टीसाठी माणूस तावातावानं अर्ज लिहितो. हवं ते मात्र आपलंच आहे, असं धरून चालतो. ते कधी कुणाला लिहून द्यायचं असतं का?

निघताना नव्या नकाशापाशी थांबले. सवयीनं बोट पुढे गेलं, तर ते गार काचेवर टेकलं. या वेळी नकाशाला काच बसवली होती.