सात्यांची जागा

भाऊ, मी गाव सोडलं त्या दिवशी तुम्ही हात हलवला नाई. बसच्या खिडकीजवळ येऊन एवढंच बोलले, "चालला ना बे? मंग सात्यांच्या वारुळाची जागा इथीच ठेवून जा." मी म्हटलं, "डोक्यात हाय, काढून देऊ?" अन् मान फिरवली. कुरखेडा येईपर्यंत मागं पाह्यलं नाई.

आता घुग्घुसले पोराच्या क्वार्टरात राह्यतो. चटई झटकली का कोळशाची काळी धूळ. पाऊस इथीबी येते, पण वारुळावर उगवते त्या आपल्या रानातल्या सात्या मात्र निघत नाईत. त्याच्या जागी बाजारात डब्बीतले पांढरे मशरूम भेटते. त्याले वास नाई, मातीबी नाई.

नात पायल चांद्याले कॉलेजात शिकते. तिनं अभ्यासाले सात्याच घेतल्या. एक दिवस म्हणे, "आबा, सात्यांच्या प्रथिनाले साखर चिकटलेली असते." मले शुगर हाय. मी त्या दिवसापासून मशरूमची भाजी ताटातून बाजूले सारली. आठ दिवसांनी तिले समजलं, तं पोट धरून हासली. "ते चहातली साखर नाई, आबा!"

"साखर म्हणजे साखर. तूच म्हटली."

मंग तिनं कागदावर लंबी दोरी काढली. ते प्रथिन. दोरीले डहाळ्या, डहाळ्यांले फाटे, फाट्यावर साखरेचे मणी. म्हणे, डहाळी कुठीबी लागत नाई, ठरल्या जागीच लागते. नसली तं दोरीची घडी बिघडते. मी दुसरी नापास, पण जन्मभर मांडवाले तोरणं बांधली. मले बराबर समजलं.

"मंग आपल्या सात्यांच्या डहाळीले फाटे किती?"

"तेच पाह्याचं हाय. पण ताज्या पाह्यजे, वारुळावरच्या. जागा सांगा ना, आबा."

आपल्या बाबाचं बोलणं तुमच्या ध्यानात असन: "जागा पोराले सांगजो, पोरीले नाई. पोरगी दुसऱ्या गावाले जाते, जागा संग घेऊन जाते." दोन दिवस मी पायलशी धड बोललो नाई. तिनंबी दुसऱ्यांदा विचारलं नाई. तिसऱ्या दिवशी जेवता जेवता ध्यानात आलं. दुसऱ्या गावाले तं मीच गेलो, भाऊ. पोरगा असून गेलो. अन् जागाबी संग घेऊन आलो.

तवा तिले सांगून टाकली. इथी लिहत नाई, कागद कोणीबी वाचते.

पाणी पडलं का आम्ही दोघं येतो. सात्या हलक्या हातानं काढाची, वारूळ फोडाचं नाई, हे मी तिले शिकवलं हाय. तरी तुम्ही एकदा रागावून सांगजा, तुमचा राग तिनं पाह्यला नाई अजून.

लोकं घर विचारते तं मी घुग्घुस सांगतो, खोटं नाई ते. पण तिले वाट दाखवाले तुम्ही त्या वारुळापाशी उभे राह्यले, तं मी गाव पुरतं सोडलं नाई असं समजीन.

या वेळी बस थांबली का हात हलवजा. मी खिडकीतच बसीन.