विहिरीत सोडलेली फीत

आमच्या गावात महिन्यातून एकदा सगळ्या विहिरींचं पाणी मोजतात. शेजारच्या सुशीलावहिनी आणि आणखी दोघीतिघी वजन बांधलेली फीत विहिरीत सोडतात, आणि वजन पाण्याला टेकल्याचा आवाज ऐकू यावा म्हणून एकदम गप्प होतात. एरवी अखंड बोलणाऱ्या या बायका काठावर वाकून कान देतात, तेव्हा मलाही वाटतं, खालून कोणी खरंच काही सांगणार आहे. फीत वाचायची मात्र विहिरीच्या मालकाने. त्याने सांगितलं नाही ते लिहायचं नाही, असं त्यांचं ठरलेलं आहे.

काल मी माझ्या विहिरीचा आकडा वाचला. वहिनींनी तो लिहिला आणि म्हणाल्या, "आमची यंदा दोन हात जास्त उतरली, भाऊजी. का उतरली असेल?"

मला ठाऊक होतं. गोठ्यामागे मी घेतलेलं बोअर मी मोजणीत दाखवलंच नव्हतं. वर त्यांच्या आणि माझ्या शेतामध्ये बांध आहे, खाली पाण्याला तो कुठला?

"वहिनी, माझं एक बोअर मोजायचं राहिलंय," मी कसंबसं म्हणालो.

"राहिलंय कसलं, लपलंय," त्या फीत गुंडाळत म्हणाल्या. "मोटारीचा आवाज आम्हाला येत नाही होय? तुम्ही कधी बोलताय, तेच बघत होतो. सांगा, किती?"

"तीनशे फूट."

"ते भोक झालं. पाणी कितीवर आहे?"

पाच वर्षं मी ते उपसत होतो. हा प्रश्न मला एकदाही पडला नव्हता.