उलटा ट्रॅक्टर, जुनी झूम आणि एक वीट

"मोटरस्पोर्ट शूट करायला चाललोय," असं मी मित्रांना छाती फुगवून सांगितलं आणि रेस कुठली हे कोणी विचारायच्या आत विषय बदलला. कारण रेस होती ट्रॉलीसकट ट्रॅक्टर उलटा पळवण्याची, आदिलाबाद जिल्ह्यात, तामसीजवळच्या एका गावात. स्पर्धक होती माझ्या मावसभावाची बायको, सुनंदावहिनी. शाळेत गणित शिकवते.

"भाऊजी, तुमी याच," ती फोनवर म्हणाली. "मामाजी बोलून नाई राह्यले माह्याशी. म्हनतात, मास्तरीन ट्रॅक्टर पळवन अन् गाव पाहीन, मी नाई येत. मले एक फोटो पायजे. चेहरा साफ दिसला पायजे. त्यायच्यासमोर ठेवीन."

मामाजी म्हणजे तिचे सासरे, माझे मावसाजी. शहाणा माणूस अशा कामाला बरा कॅमेरा नेतो. मी माझी म्हातारी झूम लेन्स नेली. तिला आपोआप फोकस वगैरे लाड माहीत नाहीत. एकच जाडजूड रिंग, मागेपुढे ओढली की झूम, फिरवली की फोकस. जरा खाली झुकवली की स्वतःच्या मर्जीने घसरते. आत बुरशी आहे, तिला मी 'कॅरेक्टर' म्हणतो. आणि स्टँड न लावता हातातच धरायची, हा आम्हा जुन्या लेन्सवाल्यांचा फुकाचा माज.

यवतमाळहून पांढरकवड्याला या, तिथून मोठा हायवे धरा. पैनगंगेचा पूल ओलांडला की पाट्या तेलुगू होतात, रस्ता झकास. आदिलाबादच्या स्टँडवर चहा पिऊन घ्या, कारण पुढच्या बसमध्ये हात मोकळे राहत नाहीत. तिकडे सरकारी बसला बायकांना तिकीट नाही, त्यामुळे त्या ऐसपैस बसलेल्या आणि मी तिकीट काढून उभा, पिशवी पोटाशी.

"बाळ हाय का त्याच्यात?" एका आजीने विचारलं.

"लेन्स आहे, आजी."

"मंग थोपटून काऊन राह्यला?"

संध्याकाळी जेवायला भाकरी, आंबाडीची भाजी आणि डोळ्यांतून पाणी काढणारा ठेचा. मावसाजी ताटात बघूनच बोलले, "मी उद्या वावरात हाये. तूर कापाची हाये." वहिनीने गुपचूप त्यांना अजून एक भाकरी वाढली. मला फार वाईट वाटलं. या बाईला फोटो मिळालाच पाहिजे, असं मी मनाशी ठरवलं.

सकाळी सोयाबीन निघालेल्या रिकाम्या वावरात गाव लोटलं होतं. झेंडे रोवलेले, त्यांच्यामधून नागमोडी ट्रॉली मागे नेत चुन्याच्या चौकोनात घालायची. प्रत्येकाला एकच संधी. मला वाटलं होतं, उलटा ट्रॅक्टर तो, पळून पळून पळणार किती? पहिलाच गडी असा धुरळा उडवत आला की मी फोटो काढला तो ट्रॉलीच्या फळीचा. दुसऱ्याच्या वेळी फोकसऐवजी झूम ओढली आणि आभाळ टिपलं. तिसऱ्याच्या वेळी फोटोत मिरचीभजीवाला आला, तोही हललेला. भजी मात्र एक नंबर, चुकवू नका.

मग मी आमचा हुकमी उपाय केला. दुसऱ्या झेंड्याजवळ ड्रायव्हर मान वळवून मागे बघतो, तिथे चेहरा मिळणार. तिथे एक वीट ठेवली, तिच्यावर फोकस लावला आणि वहिनीची पाळी येईपर्यंत परत भजी खाऊन घेतली. हात दुखून लेन्स झुकली की रिंग घसरायची, की मी परत विटेवर फोकस करायचो. वहिनीचं नाव पुकारलं तेव्हाही शेवटचा एकदा केला.

ती आली! निळा पदर खोचलेला, मान मागे, ओठ दातांत. मी धडाधड बटण दाबलं. वहिनी तिसरी आली, शाळेच्या पोरींनी गोंधळ घातला, आणि शर्यतीची शिट्टी मारणारे एक आजोबा माझ्याकडे खूश होऊन आले.

"तुमची ते वीट व्हती ना, चाक चढलं असतं तिच्यावर. तुमी भजे खाऊन राह्यले व्हते, तवाच उचलली. मांगं ठेवली, लोकायच्या पायापाशी."

म्हणजे माझा फोकस झेंड्यापाशी नव्हताच, मागच्या गर्दीवर होता. लांबच्या झूममधून मागचं-पुढचं सगळं चिकटलेलंच दिसतं, मला पत्ताही लागला नव्हता. कॅमेऱ्याच्या पडद्यावर उन्हात काही दिसेना. वहिनीला म्हटलं, "घरी मोठ्या स्क्रीनवर बघून पाठवतो." ती हसली, पण तिने ओळखलं असावं.

यवतमाळला येऊन बघितलं. सगळ्या फोटोंत वहिनी म्हणजे निळा ढग. शरमेने मेल्यासारखं झालं. पण एका फोटोत त्या ढगामागे, विटेपाशी, गर्दीत मावसाजी उभे होते, मिशीचा केस न् केस मोजता येईल असे स्वच्छ. तोंड उघडं, मान मागे वळलेली, आणि दोन्ही हातांनी हवेतच स्टेअरिंग फिरवत होते.

या प्रवासातून अंगदुखी राहिली, ठेच्याची चव राहिली आणि हा एक फोटो. माझा सगळ्यात चुकलेला फोटो, आणि आता तोच मला सगळ्यात आवडतो. वहिनीला पाठवला. दोन दिवसांनी तिचा फोन आला.

"मामाजीले दाखवला. म्हनतात, हा दुसराच कोनी हाये, मी तं वावरात व्हतो."

"मग तू काय म्हणालीस?"

"भाकर वाढली. अर्धी खाल्ली अन् मंग मले म्हनतात, दुसऱ्या झेंड्यापाशी स्टेरिंग जरा लवकर कापलं तुनं, नाई तं पयलीच व्हती."