सरासरीचा दयाळूपणा

२ जून, सकाळी साडेदहा. रेतीच्या चार ट्रेमधून वर आलेली रोपे मी मोजून संपवली. प्रत्येक ट्रेमध्ये शंभर दाणे. चारही मिळून सरासरी शेकडा त्रेचाळीस. सोयाबीन बियाणे म्हणून विकायचे तर किमान सत्तर लागतात. या मालाचे तेल काढता आले असते, उरलेली ढेप जनावरांना घालता आली असती. पेरता मात्र आले नसते. यात मतभेदाला जागा नव्हती आणि माझे काम तिथेच संपायला हवे होते.

ते संपले नाही, कारण माझे साहेब भले गृहस्थ होते.

सेनगाव तालुक्यातल्या एका फाट्यावर शेतकऱ्यांनी मिळून काढलेले हे बियाणे केंद्र. एम.एस्सी. झाल्यावर गुणवत्ता तपासणीसाठी मी तिथे रुजू झाले. साहेब पन्नाशीचे, आसपासची सगळी गावे त्यांना भाऊ म्हणत. भाऊ कोणावर आवाज चढवत नसत. हमालाच्या लेकराला ताप आला तर स्वतःच्या जीपमधून हिंगोलीला नेत. पहिल्या दिवशी त्यांनी माझ्या जेवणाची, खोलीची आणि माझ्या आईच्या गुडघ्यांचीही चौकशी केली. मला कोणत्या चाचण्या येतात, हे त्यांनी त्या दिवशी विचारले नाही आणि नंतरही कधी विचारले नाही. ओलावा मोजण्याचे यंत्र कपाटात बंद असे. शेतकऱ्यासमोर यंत्र लावणे म्हणजे त्याच्या शब्दावर संशय घेणे, असे त्यांचे म्हणणे. ते दाणा दाढेखाली धरत, कट्ट आवाज आला की "वाळलंय बराबर" म्हणत आणि चहा सांगत.

त्रेचाळीसचा माल केंद्राच्या अगदी पहिल्या सभासदांपैकी एका वृद्ध शेतकऱ्याचा होता. मळणीयंत्र पूर्ण वेगात चालवल्यामुळे दाण्यांतले अंकुर मोडले होते. वरून दाणा चकचकीत. नमुना आठवड्यापूर्वी आला होता. भरलेली ट्रॉली मात्र त्या सकाळीच फाटकात येऊन उभी राहिली.

"परत पाठवावी लागेल, सर," मी म्हणाले.

"अगं पोरी, भरली ट्रॉली दिवसाउजेडी वापस गेली तर त्यो म्हातारा गावात तोंड कसं दाखवंल?"

"मग अंधार पडल्यावर पाठवा."

हमाल खो खो हसले. त्यांच्यातला एक म्हणाला, "मॅडम, तुमी देवळातल्या प्रसादाचा बी ओलावा काढून राहिल्या असाल!" भाऊही हसले. आमच्या भागात फाटकावरून भरली गाडी परत फिरणे हा नुसता व्यवहार नसतो. तो अपमान असतो आणि तो वर्षानुवर्षे बोलून दाखवला जातो. भाऊंनी आपल्या कारकिर्दीत एकही गाडी परत पाठवली नव्हती. याचा त्यांना अभिमान होता. मला तो त्यांच्या अपात्रतेचा सर्वांत ठळक पुरावा वाटत असे.

त्यांनी उपाय काढला. तालुक्यातल्याच गोरेगावच्या एका शेतकऱ्याचा ब्याऐंशी टक्क्यांचा माल आत पडून होता. "दोनी एकातच घाला. थोडं ह्याचं, थोडं त्याचं. भागून जातंय."

"निम्मे-निम्मे घातले तरी साडेबासष्ट येतात, सर. नापासच."

"सत्तरच्या जवळच की गं."

मी सांगितले की सरासरी कागदावर असते, पोत्यात नसते. हमाल फावड्याने माल ओतणार. एका पोत्यात चांगला दाणा जास्त पडेल, दुसऱ्यात जवळजवळ सगळा म्हाताऱ्याचाच. ज्याच्या वाट्याला ते दुसरे पोते येईल त्याला सरासरीचा काहीही उपयोग नाही. भाऊंनी मान डोलावत, डोळ्यांत माया आणून सगळे ऐकले. मग म्हणाले, "तुला तकलीफ नको. अहवालावर सही मी करतो."

नकाराचीसुद्धा शिक्षा नाही. असा माणूस तुमच्याशी भांडत नाही; तो तुमच्या हातातले काम प्रेमाने काढून घेतो, आणि चूक अडवायची जी एकच जागा असते ती मोकळी होते.

परभणीला शिकत असताना ज्या बाईंच्या हाताखाली मी काम केले, त्यांनी मला कधी चहा विचारला नाही. माझा एक ट्रे त्यांनी सर्वांसमोर उलटा केला होता, कारण रेती नीट चाळलेली नव्हती. त्या मला आवडत नसत, आजही आवडत नाहीत. पण त्यांनी पास केलेले बियाणे उगवत असे. भाऊंची दया समोर उभ्या असलेल्या माणसापुरतीच पोहोचे. फाटकातला म्हातारा त्यांना दिसत होता. तीन आठवड्यांनी रिकाम्या शेतात उभे राहणारे माणूस दिसत नव्हते. जे माणूस अजून समोर आलेले नाही, त्याची बाजू आकड्यालाच मांडावी लागते. ज्या साहेबाला आकडा वाचता येत नाही, त्याचा कनवाळूपणा मला दिखाऊ वाटतो, मग तो कितीही मनापासूनचा असो.

ते माणूस लवकरच आले. पुसेगावकडची, माझ्याच वयाची एक धनगराची सून. नवरा मेंढ्यांमागे रानोमाळ. त्या वर्षी घरच्या चार एकरांची पेरणी तिने पहिल्यांदाच स्वतःच्या जबाबदारीवर घेतली होती. दीर म्हणत, हिला जमले नाही तर पुढच्या वर्षी रान आमच्याकडे. भाऊंनी तिला खुर्ची दिली, पंखा तिच्याकडे फिरवला आणि त्याच मिसळलेल्या मालाची चार पोती काढायला सांगितली.

"हे नेऊ नका," मी त्यांच्यादेखत म्हणाले. "उगवणार नाही."

तिने भाऊंकडे पाहिले. भाऊ हसले. "मॅडमला समदं पुस्तकातल्यावानी लागतंय." ती पोती घेऊन गेली.

पेरणीनंतर आठव्या दिवशी निरोप आला. मी गेले तेव्हा भाऊ आधीच बांधावर बसून उपरण्याने डोळे टिपत होते. रानात ओळी शोधाव्या लागत होत्या. आणि जिचे रान बुडाले होते, तीच चहा पुढे करून त्यांची समजूत घालत होती: "भाऊ, तुमी तरी काय करसाल? रडू नगा." शेजारची माणसे देवमाणूस, देवमाणूस म्हणत उभी. इतका संताप मला कोणत्याही उद्धट माणसाचा आला नव्हता.

दुबार पेरणीसाठी भाऊंनी स्वतःच्या पदरची चार पोती जीपमधून उतरवली. मी पोत्यांवरची चिठ्ठी वाचली.

"हा तोच माल आहे, सर."

"असंल. पर समदाच वाईट थोडाच असतोय?"

मी प्रवासी जीप पकडून गोरेगावला गेले आणि ब्याऐंशीवाल्या शेतकऱ्याचे दार वाजवले. त्याने घरच्या पेऱ्यासाठी काही पोती मागे ठेवली होती.

"काहून मॅडम, तुमच्या सेंटरात बी न्हाई व्हय?"

"आहे. उगवणारे नाही."

तो बराच वेळ हसला आणि पेऱ्यातून उरणारी चार पोती मला दिली. हे मी दयेपोटी केले असे कोणी समजू नये. ते विरळ रान माझ्या विषयाचा अपमान होता, आणि पेरणीचे मोजकेच दिवस उरले होते.

पोती पाहून ती बाई खूश झाली नाही, अडचणीत पडली. "भाऊनं रडून दिलेलं कसं नाकारू? त्यायला काय वाटंल?"

"काय वाटायचं ते वाटू द्या. रान तुमचं जाणार आहे, त्यांचं नाही."

"तुमचं बोलणं लई कडू हाय, ताई."

"बियाणं कडू नाही."

तिने शेवटी आपला मार्ग काढला. आतले सगळे रान गोरेगावच्या बियाण्याने पेरले, आणि भाऊ जाता-येता पाहतील म्हणून रस्त्याकडेच्या ओळी भाऊंच्या पोत्यातून. दहा दिवसांनी मी रोपे मोजायला टेप घेऊन गेले. आतल्या ओळींत मीटरला पंधरा रोपे होती, हवी तितकी. दीर बांधावरून रान पाहून परत फिरले.

मी रस्त्याकडेच्या ओळीत बसले होते तेव्हा भाऊंची जीप थांबली. त्यांनी आतले हिरवे रान पाहून हात जोडले, मग जवळच्या ओळींकडे नजर टाकून हळहळले. "हितं पाखरांनी टिपलं वाटतंय."

"व्हय भाऊ, पाखरांनीच," ती बाई म्हणाली.

मी टेप सरळ केला आणि लिहिले: रस्त्याकडेची ओळ, मीटरला सहा.